प्लेटचं माप वाढवून पेट्रोल वाचत नाही

पोस्ट लांब आहे. गाडीला 'पाण्यावरचं किट' ज्यांनी बसवलंय किंवा बसवायच्या विचारात आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी ओळखीच्या रिक्षावाल्याला, डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना वाचून दाखवा. कारण हे किट मर्सिडीजवाल्याला कुणी विकत नाही. ज्याला दिवसाचं पेट्रोल दिवसाच्या कमाईतून काढावं लागतं, त्यालाच विकतात.

किट म्हणजे काय, ते आधी सांगतो. स्टीलच्या सात-आठ प्लेटा, मध्ये रबरी गॅस्केट, पाण्यात मिसळलेलं कॉस्टिक पोटॅश, गाडीच्या बॅटरीवरून घेतलेली दोन वायरींची जोडणी, आणि वर निघणारा गॅस एअर फिल्टरच्या नळीत सोडणारा एक पाइप. पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन इंजिनात जातात, आणि म्हणे ॲव्हरेज तीस-चाळीस टक्क्यांनी वाढतं. नाव मोठं झोकदार, 'एचएचओ'. पत्रा भवानी पेठेतून, सर्किट तपकीर गल्लीतून, डबा बोहरी आळीतून, आणि ज्ञान मोबाइलवरून.

मी भोसरीत प्लेटिंगचा धंदा करतो. तीस वर्षं झाली. झिंक, निकेल, थोडं क्रोम. आमचा सगळा धंदाच पाण्यात वीज सोडण्याचा. कुठल्या जॉबला किती अँपिअर, किती मिनिटं, किती क्षेत्रफळ, हा हिशेब चुकला तर माल रिजेक्ट होऊन परत येतो. आणि हायड्रोजन आमच्याकडे रोजच निघतो. क्रोमच्या टाकीत तर निम्म्याहून कितीतरी जास्त करंट क्रोम चढवण्यात जातच नाही, हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. आम्ही तो पंखे लावून बाहेर घालवतो. हाय टेन्साइल बोल्टला झिंक केलं की त्यात शिरलेला हायड्रोजन काढायला माल भट्टीत कित्येक तास भाजावा लागतो, नाहीतर बोल्ट ठिसूळ होऊन तुटतो. सांगायचा मुद्दा असा, की या गॅसशी माझी ओळख व्हिडिओ बघून झालेली नाही.

तर गेल्या पावसाळ्यात एक रिक्षावाले मामा कारखान्यात आले. पिशवीत काळपट पडलेल्या प्लेटा. "शेठ, यांना निकेल मारून द्या, आणि अशाच पण मोठ्या मापाच्या कापून कुठे मिळतील सांगा." कशाला, विचारलं, तर किटची हकीकत निघाली. अकरा हजार दिले होते. ॲव्हरेज काही वाढेना. किट बसवणाऱ्याकडे गेले तर तो म्हणाला, तुमच्या प्लेटा लहान पडतात, इंजिनाच्या मानाने माप वाढवा. वाढवलं. मग म्हणाला, दोन प्लेटांमधलं अंतर जास्त आहे. ते कमी केलं. मग कॉस्टिकचं प्रमाण. मग सर्किट बदला, दोन हजार. तोवर चार महिन्यांत रिक्षाच्या दोन बॅटऱ्या बसल्या होत्या.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं इथे ॲव्हरेज येईना प्लेट लहान. प्लेटचं माप ही या धंद्यातली सगळ्यात सोयीची पळवाट आहे. कारण ते कधीच 'बरोबर' होऊ शकत नाही. नेहमी थोडं मोठं, थोडं लहान करून बघायला जागा राहते, आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईक पुन्हा पैसे घेऊन येतं. म्हणून आज फक्त त्या मापाबद्दलच बोलायचं ठरवलंय. एकदाचा हिशेब मांडूनच टाकू.

प्लेटचं माप ठरवायचा नियम अवघड नाही. हौशी लोक चौरस इंचाला अर्धा अँपिअर धरतात. नियम वाईट नाही, आमच्या भाषेत डेसिमीटर वर्गाला पावणेआठ अँपिअर. निकेलला आम्ही दोन ते पाच लावतो, म्हणजे हे जरा जोरातच झालं, पण चालेल. वीस अँपिअर घ्यायचे असतील तर चाळीस चौरस इंच पाण्यात भिजलेली जागा हवी. साधारण सव्वासहा इंच बाय सव्वासहा इंच. गॅस्केटची कड धरून सात बाय सातचा पत्रा कापा. ३१६ एल घ्या, ३०४ लवकर खातो. बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना तेरा-चौदा व्होल्ट असतात, एका कप्प्याला दोन-सव्वादोन व्होल्ट लागतात, म्हणून सहा कप्पे, सात प्लेटा. झालं. हे सांगायला कुणी तीन हजार रुपये 'ट्रेनिंग'चे घेत असेल तर देऊ नका.

आता खरी गोष्ट. गॅस किती निघणार हे प्लेटच्या मापावर ठरत नाही. ते ठरतं अँपिअर आणि कप्प्यांची संख्या यांवर. हा मायकेल फॅरेडेचा नियम, १८३० च्या दशकातला, आणि त्यात आजवर कुणाला सवलत मिळालेली नाही, भोसरीतल्या आम्हालाही नाही. एक अँपिअर एक तास एका कप्प्यातून गेला की ०.०३७६ ग्रॅम हायड्रोजन निघतो. जास्त नाही, कमी नाही. प्लेट सोन्याची करा, ताटाएवढी करा, सँडपेपरने घासून खरखरीत करा, आकडा तोच.

वीस अँपिअर, सहा कप्पे, एक तास : साडेचार ग्रॅम हायड्रोजन. ऑक्सिजन धरून मिनिटाला १.३-१.४ लिटर गॅस. एक लिटरची बाटली पाण्याने भरून उलटी धरली तर पाऊण मिनिटात भरते. व्हिडिओत हे दृश्य फार जोरदार दिसतं. साबणाच्या फेसात गॅस सोडून काडी लावली की फाडकन आवाजही येतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढी ही ताकद!

पण साडेचार ग्रॅम हायड्रोजनमध्ये ऊर्जा किती? साधारण १७ मिलिलिटर पेट्रोलएवढी. म्हणजे चहाचे तीन चमचे. तासाला. शहरातल्या गर्दीत छोटी मोटारसुद्धा तासाला दोन-तीन लिटर पेट्रोल पिते. हा हायड्रोजन तुम्हाला देवाने आभाळातून फुकट टाकला असता, तरी बचत एक टक्का सुद्धा झाली नसती. चाळीस टक्के कुठून आणताय?

आणि तो फुकट नाही. वीस अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे २७६ वॉट. ही वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिनाला पेट्रोल लागतं. इथे हमखास एक वाक्य येतं : "अल्टरनेटर तर फिरतच असतो, त्याला जास्तीचं काय लागतंय?" पुणं सायकलींचं शहर होतं त्या काळातली जी माणसं हे वाचतायत, त्यांना याचं उत्तर पायांना ठाऊक आहे. रात्री डायनॅमो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं. नुसता टेकवल्याने थोडं जड, आणि दिवा लागला की खरं जड. चाक फिरतच होतं, तरी जड व्हायचं. अल्टरनेटरचंही तेच. जेवढी वीज ओढाल तेवढा तो इंजिनाला मागे खेचतो. गाडीला पाय नसतात म्हणून ते तुम्हाला कळत नाही, एवढाच फरक.

रुपयांत सांगतो. शंभर रुपयांचं पेट्रोल जाळलं. चांगल्या इंजिनाने त्यातून तीस रुपयांचं काम काढलं, बाकीची उष्णता. ते तीस रुपये चाकाला न देता अल्टरनेटरला दिले, तर वीज मिळाली अठरा रुपयांची. ती प्लेटांत घातली, दहा रुपयांचा हायड्रोजन मिळाला. तो पुन्हा त्याच इंजिनात जाळला, काम मिळालं तीन रुपयांचं. चाकाला सरळ तीस मिळत होते, ते सोडून आपण तीन घेतले, आणि वर किटचे अकरा हजार. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला या म्हणीत निदान कोंबडी तरी मिळते.

आता प्लेट मोठी केली तर? खोटं बोलणार नाही, थोडा फरक पडतो. जागा वाढली की तेवढ्याच करंटला व्होल्टेज कमी लागतं, सेल कमी तापतो. पण त्यालाही तळ आहे. पाण्याचं विघटन करून बाहेरून उष्णता घ्यायची नाही म्हटलं तर कप्प्याला १.४८ व्होल्टच्या खाली जाता येत नाही. जगातली सर्वोत्तम, एकही व्होल्ट वाया न घालवणारी प्लेट तुमच्या सेलमध्ये आहे असं समजा. तरी वरच्या हिशेबात तीन रुपयांचे साडेचार होतात. तिसाचे साडेचार. एवढ्यासाठी मामांनी तीनदा पत्रा कापून आणला.

"एक लिटर पाण्यात हजार किलोमीटर" हा दावा मात्र बिलकुल खोटा नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे. वीस अँपिअरच्या सेलमध्ये तासाला चाळीस मिली पाणी संपतं. लिटरभर पाणी पंचवीस तास पुरतं. गाडी पेट्रोलवर चालतेय आणि पाणी नुसतं सोबतीला आहे, म्हणून पुरतं.

यावर नवी पळवाट तयार असते. "साहेब, हायड्रोजन हे इंधन म्हणून नाही, तो पेट्रोल पूर्ण जळायला मदत करतो." ऐकायला शास्त्रीय. पण आजच्या चालू स्थितीतल्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ सगळं जळतंच. न जळता जाणारा भाग अगदी थोडा, आणि तोही पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर संपवतो. तिथे वाचवायला चाळीस टक्के पडलेलेच नाहीत. दुसरं म्हणजे प्रमाण. बाराशे सीसीचं इंजिन साध्या वेगातही मिनिटाला सहाशे-सातशे लिटर हवा ओढतं. त्यात तुमचा हायड्रोजन एक लिटरही नाही. हवेत हायड्रोजन स्वतः पेट घ्यायला निदान चार टक्के लागतो, इथे तो अर्धा टक्काही भरत नाही. मांडवाच्या जेवणातल्या आमटीच्या पातेल्यात चिमूटभर हिंग टाकून आमटी दुप्पट झाली म्हणण्यासारखं आहे हे.

"पण मला खरंच फरक पडला हो!" असं म्हणणारे लोक खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. किट बसवायला गाडी दिली की तो पठ्ठ्या प्लग साफ करतो, एअर फिल्टर झटकतो, टायरमध्ये हवा भरतो. अकरा हजार घातल्यावर माणूस स्वतःही ॲक्सिलरेटर जरा जपून पिळतो. एका टाकीवरून ॲव्हरेज काढतो. एवढ्याने पाच-दहा टक्के दिसतातच. ते किटशिवाय, दीडशे रुपयांत दिसले असते. आणि इंजेक्शनच्या गाड्यांत आणखी एक कारागिरी करतात. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत एक छोटी डबी बसवतात, ती कॉम्प्युटरला खोटं सांगते की मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. मग कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. बचत दिसते, पण ती पाण्याची नाही, त्या खोट्या सिग्नलची. इंजिन गरम चालतं, नायट्रोजन ऑक्साइडचा धूर वाढतो, व्हॉल्व्ह जळतात. बीएस सहा गाडी विकत घ्यायची, तिच्या प्रदूषण नियंत्रणाचे पैसे मोजायचे, आणि मग तिचंच नाक बंद करायचं.

पैशांपुरतं असतं तरी मी एवढं लिहिलं नसतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळे काढून साठवले तर एक गोष्ट. या डब्यात ते एकाच नळीतून, अगदी स्फोटाला हव्या त्याच प्रमाणात, मिसळूनच बाहेर पडतात. ठिणगी लागते ती इतकी बारीक की डोळ्याला दिसतही नाही. इंजिनाने एकदा उलटा भडका मारला की ज्योत पाइपातून मागे डब्यात येते. मध्ये पाण्याचा बबलर असेल, त्यात पाणी शिल्लक असेल, तर वाचलात. डबा फुटला तर नुसता आवाज होत नाही, आतलं गरम कॉस्टिक उडतं. माझ्याकडे कॉस्टिक हाताळणारा माणूस चष्मा आणि हातमोज्याशिवाय टाकीजवळ जात नाही. इथे तोच डबा सीटखाली, पोरं शाळेत सोडणाऱ्या रिक्षात, मागे सीएनजीची टाकी, आणि आपले रस्ते! कॉस्टिकचा तुषार गॅसबरोबर इंजिनात जातो तेव्हा ॲल्युमिनियम खातो, ते वेगळंच.

आणि तो तपकिरी गाळ. कॉस्टिक महाग पडतं म्हणून काही जण मीठ किंवा खायचा सोडा टाकतात. मीठ टाकलं की क्लोरीन निघतो आणि स्टील भराभर झिजतं. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं, त्यातलं काही सहा संयुजेचं, कॅन्सर करणारं. आमच्यासारख्या प्लेटिंगवाल्याने असं पाणी प्रक्रिया न करता सोडलं तर कारखान्याला टाळं लागतं, आणि लागायलाच पाहिजे. किटवाले तो गाळ कुठे ओततात? गॅरेजसमोरच्या गटारात. तिथून मुठेत.

आता सार्वजनिक प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. सीएनजी किट बसवतानासुद्धा मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त केंद्र आणि आरसी बुकावर नोंद लागते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं, त्यात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नीट वाचा, मालकाला. अकरा हजार घालवणारा, दोन बॅटऱ्या घालवणारा, अपघात झाला तर विम्याच्या क्लेमवरही पाणी सोडावं लागेल असा जो मामा, कायद्याच्या हाताला आधी तोच लागतो. किट विकणारा मोबाइल नंबर बदलून मोकळा.

आणि हे चाललंय कुठे? पुण्यात! ज्या शहरात वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, जिच्यामुळे त्या भागाला लोक एआरएआय टेकडी म्हणतात. जिथे पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, भोसरीला सीआयआरटी आहे. याच शहरात केपीआयटी आणि सीएसआयआरने २०२० साली हायड्रोजन फ्युएल सेलची मोटार चालवून दाखवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बस आणली. त्या बसमध्ये हायड्रोजन बाहेर तयार होतो, टाकीत भरतात, आणि फ्युएल सेल त्याची वीज करतो. गाडी स्वतःच्या पेट्रोलवर स्वतःचा हायड्रोजन करत बसत नाही. दिल्लीत २०२० मध्ये इंडियन ऑइलने सीएनजीत १८ टक्के हायड्रोजन मिसळून पन्नास बसगाड्यांची चाचणी सुरू केली, तिथेही गॅस डेपोत तयार व्हायचा, बसच्या बॉनेटखाली नाही. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. किटवाले नेमका याच बातम्यांचा फोटो जाहिरातीत लावतात : "सरकारही म्हणतंय, भविष्य हायड्रोजनचं!" भविष्य असेल. तुमच्या डब्याचं नाही.

"तेल कंपन्या हा शोध दाबतात" हे तर ठरलेलं पालुपद. या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा बहुतांश भाग आयात होतो. पाण्यावर गाडी चालली असती तर सगळ्यात आधी अर्थमंत्र्यांनी पेढे वाटले असते. १९९६ साली तमिळनाडूत रामर पिल्लईने वनस्पतींपासून पेट्रोल केलं म्हणून देशभर गाजावाजा झाला, मोठमोठे लोक भुलले. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा दिली. त्याच १९९६ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या न्यायालयाने स्टॅन्ली मायरची 'पाण्यावरची गाडी' ही ढळढळीत फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. २०१२ मध्ये पाकिस्तानात आगा वकारने तर मंत्र्यांनाच टीव्हीवर पाण्यावरच्या गाडीत बसवलं. सीमेच्या दोन्ही बाजूंना टोपी घालून घेण्याची हौस सारखीच.

आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांबद्दलही बोलायला हवं. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्याकडे फायनल इयरची पोरं येतात. "काका, एचएचओच्या प्रोजेक्टसाठी प्लेटा." हुशार असतात, हाताने काम करायची तयारी असते. मी विचारतो, किती वॉट घालणार, किती परत येणार, हे काढलंय का? गाइडनी सांगितलं नाही, म्हणतात. त्यांना प्लेटचं माप पाहिजे असतं, हिशेब नको असतो. मग प्रोजेक्ट पास होतो, पेपरात फोटो येतो, 'पुण्याच्या विद्यार्थ्यांची पाण्यावर चालणारी दुचाकी', आणि तेच कात्रण पुढच्या वर्षी किटवाल्याच्या दुकानात लॅमिनेट करून लागतं. पोरांनी सेल करूच नये असं नाही. जरूर करा. फक्त बॅटरीच्या वायरीत अँपिअर मीटर लावा आणि अहवालात दोन्ही आकडे लिहा, आत गेलेली ऊर्जा आणि बाहेर आलेली.

माझ्या मागण्या फार नाहीत. आरटीओने रिक्षांच्या पासिंगला सीएनजीची टाकी बघताना सीटखालीही एकदा बघावं, आणि किट सापडलं तर मालकाला पावती फाडण्याआधी विकणाऱ्याचं नाव विचारावं. टेकडीवरच्या संस्थेने बाजारातली दोन-चार किटं विकत घेऊन चाचणी करावी आणि निकाल मराठीत, एका पानात, प्रत्येक रिक्षा स्टँडवर लावावा. एका दिवसाचं काम आहे. फसव्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दहा लाखांपर्यंत दंड करता येतो. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, लाजू नका. पावती नसेल तर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आणि किटवाल्यांना जाहीर निमंत्रण. तुमच्या हव्या त्या मापाच्या प्लेटा घेऊन भोसरीत या. रेक्टिफायर माझा, मीटर माझे, वीज माझी, कॉस्टिकही माझं. तासभर सेल चालवू, गॅस उलट्या बाटलीत मोजू, वॉट लिहून घेऊ. चार रिक्षावाले साक्षीला बसवू. फॅरेडेच्या आकड्यापेक्षा एक ग्रॅम जरी हायड्रोजन जास्त निघाला, तर मामांच्या अकरा हजारांवर आणखी अकरा हजार घालून मी तुम्हाला देतो. रविवारी कारखाना बंद असतो, पण मी दुपारी एकपर्यंत तिथेच असतो.